कसबा ते धायरी, दातांसह

पुण्यात युरोपला जाऊन आलेल्या माणसापासून सुटका नाही. तो आधी फोटो दाखवतो, मग तिथले रस्ते किती स्वच्छ आहेत ते सांगतो, आणि शेवटी आपल्याच जिन्याच्या कोपऱ्यात पिंक टाकून 'आपल्याकडे शिस्तच नाही' म्हणतो. आमच्या इमारतीत असे चार जण आहेत. पाचव्याचा मान माझा होता. विमा कंपनीतल्या कारकुनीतून निवृत्त झालो, लग्नाच्या भानगडीत पडलो नव्हतो, तेव्हा युरोपच्या सहलीला नाव नोंदवलं. सहल कंपनीने टोपी, बॅगेला बांधायच्या रंगीत चिठ्ठ्या आणि पासपोर्ट ठेवायला कमरेची पिशवी असा आहेरही आगाऊ पाठवला. मग टाळेबंदी आली. युरोप राहिला बाजूला, कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जायचीही चोरी झाली.

त्या उन्हाळ्यात माझ्या हातून एकच परदेशप्रवास घडला, तो कसबा पेठेतून धायरीला. धायरी पुण्यातच आहे हे मला माहीत आहे. एरवी स्कूटरवरून गर्दीला शिव्या देत आपण तिथे पोचतोही. पण ज्या ठिकाणी जायला परवाना लागतो, वाटेत सीमा लागतात आणि पोचल्यावर आत घेतील की नाही याची खात्री नसते, त्याला परदेश म्हणायला माझी हरकत नाही. त्या दिवसांत ज्यांनी उंबरा ओलांडला नाही, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. फोटो नाहीत.

कसबा पेठ

प्रवासाचं कारण होतं आईचे दात.

आई दोन दिवसांसाठी म्हणून धायरीला माझ्या बहिणीकडे, सुमनकडे गेली आणि टाळेबंदीत तिथेच अडकली. काळजीचं काही नव्हतं. घर ऐसपैस, मेहुणे श्रीकांतराव सज्जन. पण त्या दिवसांत सगळा देश सगळं काही धूत सुटला होता. भाजी धुवा, नोटा धुवा, दाराच्या कड्या धुवा. आई सरकारचं ऐकणाऱ्या पिढीतली. तिने कवळी काढली आणि साबणाने अशी काही चोळली, की ती हातातून सटकली आणि बेसिनमध्ये पडून तिचे दोन तुकडे झाले. दातांचे दवाखाने बंद.

यावर कोणालाही हसू येईल. मलाही आलं. पण आमच्या आईचा एक नियम आहे, जावयासमोर बिनदातांचं जायचं नाही. आपले दात खरे नाहीत हे श्रीकांतरावांना ठाऊकच नाही, अशी तिची समजूत आहे. आपल्याला ते ठाऊक आहे हे तिला कधी कळू न देणं, ही श्रीकांतरावांची सभ्यता आहे. अशा गोडीत दोघांनी इतकी वर्षं काढली होती. आता एका छपराखाली चोवीस तास जावई, आणि कचेरीही घरातच भरलेली. आईने आतली खोली धरली आणि दार लावून घेतलं. दात नसताना शब्दांतून वारा जातो म्हणून बोलणंही बंद केलं. फोन सुमन करायची. पलीकडे आई असल्याचा पुरावा म्हणजे अधूनमधून बांगड्यांचा आवाज.

मग एक दिवस सुमनचा आवाज वेगळा आला.

"दादा, आई न्हाणीघराच्या दारात चक्कर येऊन बसली. पेज सोडून काही घेत नाही, तीही अर्धी टाकते. भात मऊ करून दिला तर मान हलवते. डॉक्टर फोनवर म्हणाले, त्यांना काही झालेलं नाही, फक्त त्या जेवल्या पाहिजेत. मला भीती वाटते रे."

त्यानंतर मला हसू आलं नाही. या वयात बाई दातांच्या लाजेपायी उपाशी मरते की काय, हा विचार एकदा डोक्यात शिरला की निघत नाही.

आईची जुनी कवळी घरात होती. कुठे, ते तिने खुणांनी सांगितलं आणि सुमनने फोनवर: देवघराखालचा खण, निळी डबी. मी खण ओढला. पुढेच निळी डबी होती. झाकण उघडलं, दात दिसले, झाकण लावलं. दुसऱ्याच्या दातांकडे फार वेळ बघवत नाही.

परवान्यासाठी अर्ज मोबाइलवरून करायचा होता. प्रवासाच्या मान्य कारणांत अंत्यविधी होता, लग्न होतं, आजार होता. दात नव्हते. मी आजारावर बोट ठेवलं आणि तपशिलात खरं ते लिहिलं: 'आईला दात नाहीत.' अर्ज नामंजूर. मग लिहिलं, 'वृद्ध मातोश्रींना अन्न जात नाही.' लगेच मंजूर. आयुष्यभर विम्याचे अर्ज तपासूनही हे मला आधी सुचू नये, याचं वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. युरोपची टोपी घातली, कमरेची पिशवी बांधली आणि पासपोर्टाच्या जागी दातांची डबी ठेवली.

आमच्या पेठेच्या गल्ल्या पत्रे ठोकून बंद केल्या होत्या. एकच तोंड उघडं होतं आणि तिथे आडव्या बांबूपाशी आमच्या तळमजल्यावरचे मोघे उभे होते. मोघे दोनदा युरोपला जाऊन आलेले. टाळेबंदीत त्यांनी स्वयंसेवक म्हणून नाव दिलं होतं. गळ्यात ओळखपत्र आणि तोंडात शिट्टी आली की पुणेकराचा जन्म सार्थकी लागतो. तोंडावरच्या पट्टीखालून शिट्टी वाजवता येत नाही, म्हणून मोघे ती वाजवण्यापुरती पट्टी खाली ओढत आणि जोरात फुंकत.

"कुठे?"

"धायरी."

"काम?"

"आपल्याला सांगायला पाहिजे का?"

"पाहिजे. नियम आहे."

"आईचे दात पोचवायचे आहेत."

"अहो, मी थट्टा करत नाहीये."

"मीही नाही." मी मोबाइलवर परवाना दाखवला. चष्म्यावर वाफ धरल्याने त्यांनी तो वाचल्यासारखं केलं.

"युरोपात असं नसतं हो," बांबू उचलत ते म्हणाले. "तिथे लोक आपणहून घरात बसतात."

"त्यांच्या आया स्वतःच्या दातांनी जेवत असतील," मी म्हणालो आणि स्कूटर बाहेर काढली.

टिळक रस्ता आणि पुढे

रिकाम्या पुण्याचं वर्णन अनेकांनी गहिवरून केलं आहे. मला गहिवर आला नाही. मला एवढंच दिसलं, की रस्ते इतके रुंद आहेत हे आमच्यापासून कोणीतरी लपवून ठेवलं होतं. दुकानांवरच्या पाट्या आता वाचता येत होत्या. 'येथे चौकशी करू नये', 'सुट्टे मागू नयेत', 'विनाकारण थांबू नये'. अशा पाट्या लावून ज्यांनी वर्षानुवर्षं गिऱ्हाइकाला हाकललं, त्यांना देवाने एकदाचं गिऱ्हाइकाशिवाय ठेवलं होतं.

सिग्नल चालू होते. समोर चिटपाखरू नसताना लाल दिवा लागला आणि मी थांबलो. एवढ्यासाठीच, की आयुष्यात एकदा तरी थांबून बघावं. मागून एक दुचाकीवाला आला. डाव्या बाजूला सगळा टिळक रस्ता मोकळा होता, उजव्या बाजूलाही होता. तो बरोबर माझ्या मागे थांबला आणि हॉर्न वाजवायला लागला. मला एकदम बरं वाटलं. शहर जिवंत होतं.

दांडेकर पुलाजवळ नाकाबंदी लागली. हवालदारबाईंनी काठी आडवी धरली.

"कुठं निघालात, काका? पिशवीत काय आहे?"

"दात."

त्यांनी काठी तशीच आडवी ठेवली. पट्टीमुळे समोरचा हसतो आहे की चिडला आहे ते कळत नाही. मी परवाना दाखवला, कारण सांगितलं.

"उघडा डबी."

मी उघडली. त्यांनी लांबूनच वाकून पाहिलं.

"पुढचा एक तुटलाय."

"जुना संच आहे."

"आणि बाईमाणसाच्या मानाने मोठे वाटतात."

"आमची आई फटकळ आहे."

"मास्क लावल्यावर दात दिसतात कुणाला?"

"जेवताना काढावा लागतो ना, मॅडम. जेवणाचाच प्रश्न आहे."

यावर त्यांनी काठी खाली घेतली. "आमच्या सासूबाईंनी दात बसवून घेतले आणि पहिल्या दिवसापासून डबीत ठेवलेत. वापरले तर झिजतील म्हणतात. जा तुम्ही. संध्याकाळच्या आत परत या. आणि दात तिकडंच देऊन या, परत घेऊन हिंडू नका."

धायरी फाटा

सिंहगड रस्ता एरवी ज्यांच्यासाठी प्रसिद्ध आहे ती वाहनं नसल्याने फाटा लवकर आला. पण ऊन चढलं होतं आणि पाण्याची बाटली मी घरी ओट्यावर ठेवून आलो होतो. टोपी आठवणीने घेतली, पाणी विसरलो. सहल कंपनीने बाटली दिली नव्हती त्याचा हा परिणाम.

फाट्याच्या पुढे गावातल्या मंडळींनी रस्त्यावर बांबू टाकला होता. पलीकडे निंबाच्या सावलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर एक आबा बसले होते. डोक्याला टॉवेल, बोटात ठसठशीत अंगठी. त्यांची शेती इमारतींखाली गेली असावी आणि इमारती त्यांच्याच असाव्यात.

"कुठनं आलाय?"

"कसब्यातून."

आबांनी खुर्चीसकट दोन हात मागे सरकून घेतलं. "आरं, मागं व्हा रं सगळी. कसब्यातलं पाव्हणं हायेत. तिकडं लई हाय म्हनत्यात."

इथे थोडा इतिहास सांगणं भाग आहे. आमच्याकडे धायरी म्हणजे जिथून दूध येतं ते खेडं. सुमनने तिथे घर घेतलं तेव्हा आमच्या आत्याने 'तिथे वर्तमानपत्र तरी येतं का गं?' असं विचारलं होतं. गावाकडचा माणूस घरी आला तर त्याला कुठवर येऊ द्यायचं, याचे पेठेत अलिखित नियम असत. आता नियम तेच होते, फक्त बांबू त्यांच्या हातात होता.

मी कारण सांगितलं. आबांनी दोनदा विचारून घेतलं.

"म्हातारी जेवंना व्हय? दातापायी?"

"हो."

"मग आधी सांगायचं की. सोडा रं त्यांना." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले, "लई सुकलाय तुमी. ताक घेता? घरच्या म्हशीचं हाय."

"चालेल."

"मग वंजळ धरा. भांडं नाय देनार. वाईट वाटून घिऊ नका, दिस तसलं हायेत."

मी गाडी लावली, रस्त्याच्या कडेला वाकलो आणि ओंजळ धरली. आबांनी हात लांब करून तांब्यातून ताकाची धार सोडली. आमच्या ओंजळींना ही सवय नाही, त्यामुळे निम्मं पोटात गेलं आणि निम्मं सदऱ्यावर. आमच्या पेठेतल्या कित्येक दारांत एके काळी कोणाकोणाला असंच वरून पाणी वाढलं जाई आणि वाढणाऱ्याला त्यात विशेष काही वाटत नसे. मलाही काही वाटलं नाही असं लिहायला आवडलं असतं. पण लागलं. ओठ पुसून सरळ उभं राहीपर्यंत मला कोणाच्या नजरेला नजर देववेना. ताक मात्र उत्तम होतं, आणि मी दुसऱ्यांदा ओंजळ धरली.

सुमनची सोसायटी

सोसायटीच्या फाटकावर मोठा फलक होता: 'पाहुण्यांना प्रवेश नाही'. माझ्यासारखे आलेच, तर काय करायचं याचा विचार अध्यक्षांनी करून ठेवला होता. ते पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून सूचना देत होते.

"तुम्ही प्रतिबंधित क्षेत्रातून आला आहात. आत येऊ नका. वस्तू खुर्चीवर ठेवा आणि मागे व्हा."

फाटकाच्या आत एक खुर्ची मांडली होती. मी हात घालून डबी तिच्यावर ठेवली आणि मागे झालो. रखवालदाराने फवारणीचा पंप आणून डबीवर फवारलं, मग खुर्चीवर, मग विचार करून माझ्या दिशेनेही थोडं. एव्हाना सगळ्या गॅलऱ्या भरल्या होत्या. लोकांना बघायला दुसरं काही उरलं नव्हतं.

आई सुमनचा हात धरून जिन्यातून उतरली. पदर तोंडावर घट्ट धरलेला. साडी अंगावर नव्हे, दांडीवर टाकल्यासारखी दिसत होती. फाटकापर्यंत येताना ती दोनदा थांबली, भिंतीला टेकली. ती एवढी वाळली असेल असं मला वाटलं नव्हतं. वाटेत मी तिला सांगायला जे जे विनोद रचले होते ते सगळे विसरलो, आणि फाटकाचे गज धरून नुसता उभा राहिलो. मागे श्रीकांतराव उभे होते, सभ्यपणे तोंड भिंतीकडे करून. तिथे सोसायटीचा पाण्याचा मीटर होता. तो ते वाचत होते.

आईने जावयाकडे पाठ केली, खुर्चीवर बसून डबी मांडीवर घेतली आणि उघडली. बराच वेळ आत बघत राहिली. मग तिने पदर खाली घेतला.

"अरे, हे ह्यांचे आहेत."

कित्येक दिवसांनी तिने उच्चारलेले हे पहिले शब्द. मी ते नीट लिहिले आहेत. प्रत्यक्षात त्यातून पुष्कळ वारा गेला.

"ह्यांचे म्हणजे?"

"ह्यांचे. अण्णांचे. हा टवका बघ. अडकित्ता सापडेना म्हणून सुपारी दातांनी फोडायला गेले होते."

अण्णांना, म्हणजे आमच्या वडिलांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी त्यांचे दात कमरेला बांधून, पोलिसांना दाखवून, अर्धं पुणे ओलांडून आणले होते.

"तू अण्णांचे दात ठेवलेस?" मी विचारलं.

"मग काय करू? ओल्या कचऱ्यात टाकू की सुक्यात, तूच सांग."

वरच्या गॅलरीत कोणीतरी खुदकन हसलं. मग सुमनला आवरेना. आणि मग आई हसायला लागली. पदराचं भान राहिलं नाही, डबी मांडीवर तशीच उघडी, तोंड उघडं, डोळ्यांतून पाणी. सगळी सोसायटी बघत होती. श्रीकांतरावही मीटर सोडून वळले. आईचं त्यांच्याकडे लक्ष गेलं आणि ती एकदम गप्प झाली. तिचा हात पदराकडे गेला, पण वाटेतच थांबला. आता उशीर झाला होता.

"आई," श्रीकांतराव घसा साफ करून म्हणाले, "घरात आंबे पिकलेत. रसाला दात लागत नाहीत. इतके दिवस सांगीन म्हणत होतो."

"मग सांगितलं का नाहीत?"

"तुम्हाला दात नाहीत हे मला माहीत नव्हतं ना."

आई त्यांच्याकडे बघत राहिली. तो माणूस खोटं बोलत होता आणि आपण त्याच्यापायी अर्धपोटी राहिलो, हे दोन्ही तिला एकाच वेळी कळलं असावं.

"जा, काढा रस," ती म्हणाली. "इथेच आणा. मला पुन्हा जिना चढवत नाही."

आईने फाटकाच्या आत खुर्चीवर बसून, सगळ्या गॅलऱ्यांच्या साक्षीने आमरस खाल्ला. एक वाटी संपली, तिने ती पुढे केली, सुमनने रडत रडत दुसरी भरली. सदऱ्यावर ताक कसं सांडलं ते मी आईला सांगितलं, आणि मलाही फाटकातून कागदी पेल्यात रस मिळाला. अध्यक्षांनी त्याला हरकत घेतली नाही, कारण त्यांच्या गॅलरीतही एक वाटी पोचली होती.

"मी उद्या पुन्हा परवाना काढतो," मी म्हणालो. "तुझे दात आणून देतो."

"काही नको. आता लपवायचं काय राहिलंय? दवाखाना उघडला की नवे करू." तिने डबीचं झाकण लावलं, पदराने ती पुसली आणि खुर्चीवर ठेवली. "ह्यांना मात्र आजच्या आज घरी ने. ह्यांना दुसऱ्याच्या घरी कधी करमलं नाही."

परत

दांडेकर पुलावर त्याच हवालदारबाई होत्या.

"पोचवले का दात?"

"पोचवले. परत घेऊन चाललोय."

"काका, मी काय सांगितलं होतं?"

"ते वडिलांचे निघाले."

"मग वडील आता जेवणार कशाने?"

"वडील नाहीत. कधीच गेले."

बाईंनी अडथळा स्वतःच बाजूला ओढला. "मग परवान्यावर दोन नावं पाहिजे होती," त्या म्हणाल्या. "जा. आई जेवल्या ना?"

"जेवली," मी म्हणालो, आणि पुढे बराच वेळ मला नीट गाडी चालवता आली नाही.

मोघ्यांनी बांबू उचलून 'कसा झाला प्रवास?' असं विचारलं. मी म्हटलं, तिथे लोक फार प्रेमळ आहेत, पण भांडं देत नाहीत.

घरी हात धुतले, डबी पुसली आणि देवघराखालचा खण ओढला. ज्या जागेवरून मी डबी उचलली होती तिच्या मागे, चिकटूनच, दुसरी निळी डबी होती. मी अण्णांची डबी होती तशी तिला चिकटून ठेवली. तेवढ्यात फोन वाजला. आई होती. स्वतः बोलत होती, सगळा वारा सोडत.

"ठेवलंस का ह्यांना जागेवर?"

"ठेवलं. तुझी डबी इथेच मागे आहे. पाठवायची सोय बघू का कोणाबरोबर?"

"नको," आई म्हणाली. "राहू दे ह्यांच्या सोबतीला. आणि तो ताकाचा सदरा आधी भिजत घाल, डाग पडेल."